भीमेच्या खोऱ्यांतील आद्य शेतकरी

पुणें-सोलापूर हमरस्त्यानें टेंभुर्णी मागें टाकली, म्हणजे कांहीं वेळानें माढा तालुक्यांतील मोडनिंब हें गांव लागतें. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा लोहमार्गहि याच गांवावरून गेला आहे; बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी ज्यांनीं पाहिली असेल अशा जुन्या वारकऱ्यांस हें स्टेशन खचित आठवत असेल. मध्यंतरीं माघ महिन्यांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्हांस या गांवीं दोन दिवस राहण्याचा योग आला. संध्याकाळीं यजमानांबरोबर आम्ही रानाकडे फिरावयास गेलों. काळ्या रानांत ज्वारीची काढणी चालली होती व कडब्याच्या पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. शेजारच्या मोकळ्या शेतांत खतासाठीं धनगराचीं मेंढरें बसविलेलीं होतीं. त्याच्याहि पलीकडे, मुरमाड माळाच्या कडेला, एका बाभळीच्या आडोशास पारध्यांचीं दोन पालें दिसत होतीं.

आमचे यजमान वयानें वडील व अनुभवी शेतकरी. पालांकडे बोट करून ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही पहिल्यापासूनचे शेतकरी. ही मंडळी मात्र अजून मागंच राहिली बघा." वाक्य साधें होतें व त्यांत दुष्टावा मुळींच नव्हता. तरी पण तें आमच्या मनांत घोळत राहिलें. शेतकरी 'पहिल्यापासूनचा' म्हणजे केव्हांपासूनचा? आणि जो शेत करीत नाहीं तो 'मागें' राहिलेला, हें खरें काय? एका दृष्टिक्षेपांत आम्हांस शेत, कळप आणि पारध असे उपजीविकेचे तीनहि मार्ग दिसले होते. शाळेंतल्या पुस्तकांत हे तीन मार्ग शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक मांडलेले असतात. परंतु भीमेच्या खोऱ्यांतील जमिनीनें जो पुरावा आपल्या पोटांत जपून ठेविला आहे, तो या शिडीशीं तंतोतंत जुळत नाहीं. तोच पुरावा आज वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा असा आमचा विचार आहे.

आधीं काळाचें प्रमाण लक्षांत घेतलें पाहिजे. आपल्यासारखा मनुष्य या पृथ्वीवर वावरूं लागल्यास सुमारें ३ लक्ष वर्षें झालीं असें शास्त्रज्ञ मानतात. शेतीचें वय फार ताणलें तरी १२ हजार वर्षांपलीकडे जात नाहीं. मनुष्यजातीचें सर्व आयुष्य चोवीस तासांच्या एका दिवसांत बसविलें, तर तेवीस तास ती शिकार करीत, कंदमुळें उकरीत व फळें वेंचीत हिंडत होती, आणि अखेरच्या एका तासांत काय तो तिनें नांगर धरला, असा हिशेब निघतो. 'पहिल्यापासूनचा' हा मान द्यावयाचाच, तर तो पारध्याच्या पूर्वजाकडे जातो, शेतकऱ्याच्या नव्हे. अर्थात् शेतकऱ्याचा पूर्वज आणि पारध्याचा पूर्वज त्या काळीं एकच होता, हें निराळें सांगावयास नकोच.

त्या तेवीस तासांच्या खुणा महाराष्ट्रांत विपुल आहेत. प्रवरेच्या कांठीं नेवाशाजवळ डॉ. हसमुख सांकलिया यांस १९५० नंतरच्या दशकांत अतिप्राचीन दगडी हत्यारें सांपडलीं. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें श्री. साळी यांनीं केलेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याचीं कवचें मिळालीं. त्यांपैकीं एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. हीं कवचें सुमारें २५ हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. म्हणजे ज्या खानदेशांत आज केळीच्या बागा डोलतात, तेथें त्या काळीं शहामृग धांवत होते, व त्यांच्या अंड्याचें कवच हातीं घेऊन सावकाश नक्षी कोरीत बसण्याइतकी फुरसत व रसिकता मनुष्यास होती. पुढें हत्यारें बारीक होत गेलीं. दख्खनच्या काळ्या पाषाणांत अकीक व त्याच्या जातीचे इतर चिवट खडे जागोजाग सांपडतात. त्यांच्या नखाएवढ्या धारदार कपच्या काढून त्या लांकडाच्या किंवा हाडाच्या खोबणींत बसवावयाच्या, कीं झाला बाण किंवा सुरी. हें तंत्र पुढें शेतकऱ्यांनींहि सोडलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जगांत शेतीचा आरंभ एके ठिकाणीं झाला नाहीं. पश्चिम आशियांत गहूं व जव, चीनमध्यें भात व राळा, अमेरिकेंत मका, आफ्रिकेंत ज्वारी, अशीं त्याचीं निरनिराळीं माहेरें आहेत. आपल्या उपखंडांत बलुचिस्तानांतील मेहेरगढ येथें इ. स. पू. ७००० च्या सुमारास लोक जव पेरीत व शेळ्यामेंढ्या पाळीत होते. गॉर्डन चाइल्ड या पंडितानें १९३६ सालीं या सर्व घडामोडीस 'नवाश्मयुगीन क्रांति' असें नांव दिलें, व तें रूढहि झालें. परंतु क्रांति या शब्दानें एका रात्रींत राज्य उलथल्याचा जो भास होतो, तो येथें फसवा आहे. राजस्थानांत कोठारी नदीच्या कांठीं बागोर येथें डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनीं १९६७ पासून उत्खनन केलें. तेथें बारीक दगडी हत्यारें वापरणारे शिकारी लोक हरणें मारीत आणि त्याबरोबरच शेळ्यामेंढ्याहि बाळगीत, असें हाडांवरून दिसून आलें. एका हातांत बाण व दुसऱ्या हातांत कळपाची काठी, अशी ही स्थिति शतकानुशतकें टिकली होती.

दक्षिणेस आपल्या सीमेपलीकडे, भीमा व कृष्णा यांच्या दुआबांत, शोरापूरच्या बाजूस राखेचे मोठमोठे ढिगारे आहेत. ते कशाचे, याबद्दल एकोणिसाव्या शतकापासून तर्क लढविले जात होते. ऑलचिन यांनीं १९५७ सालीं उटनूर येथें खणून पाहिलें व ही राख जाळलेल्या शेणाची असल्याचें दाखवून दिलें. प्राचीन गोपालकांच्या वाड्यांत सांचलेलें शेण वेळोवेळीं पेटविलें जाई, त्याचे हे थर होत. पुढें डेक्कन कॉलेजचे डॉ. पद्दय्या यांनीं बुदिहाळ येथें असाच एक ढिगारा व त्याभोंवतालची वस्ती पद्धतशीर खणली. हे लोक मुख्यतः गोधनावर जगत, पण मूग, हुलगे व बारीक तृणधान्येंहि त्यांस ठाऊक होतीं. हुलगा हें आमच्या दख्खनचें घरचें धान्य आहे, बाहेरून आलेलें नव्हे, असें अलीकडील संशोधनाचें मत आहे. सोलापुराकडील वृद्ध बायका थंडीपावसांत हुलग्याचें माडगें करून घालतात, तेव्हां त्या चार हजार वर्षांची परंपरा वाढीत असतात, हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें.

आतां महाराष्ट्राच्या प्रत्यक्ष ग्रामजीवनाकडे वळूं. १९५० पर्यंत आपला इतिहास म्हणजे सातवाहनांपासून पुढें, अशीच समजूत होती. त्यापूर्वीं दंडकारण्य, एवढें म्हणून लेखक मोकळे होत. १९५०-५१ सालीं डॉ. सांकलिया व त्यांचे सहकारी डॉ. देव यांनीं संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वें येथें उत्खनन केलें, आणि तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी व तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी काढलेलीं चाकावरचीं सुबक मडकीं उजेडांत आलीं. त्या गांवावरून या संस्कृतीस जोर्वे संस्कृति हें नांव पडलें. पुढें नेवासें, चांदोली, दायमाबाद, सोनगांव अशीं एकामागून एक गांवें सांपडत गेलीं. यांपैकीं सोनगांव हें कऱ्हा-नीरा संगमावर, बारामती तालुक्यांत आहे. म्हणजे हे शेतकरी मोडनिंबाच्या मुलखापासून फार लांब नव्हते.

परंतु या सर्वांत ज्या गांवानें आपलें अंतरंग पुरतें उघडें केलें, तें शिरूर तालुक्यांतील इनामगांव. भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या तीरावर हें आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनीं १९६८ पासून एकंदर बारा हंगाम येथें खणतीचें काम केलें, आणि त्याचा विस्तृत अहवाल १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. येथें माळव्याकडून आलेल्या संस्कृतीचे लोक इ. स. पू. १६०० च्या सुमारास वसले, इ. स. पू. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ. आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काळ. म्हणजे एकाच पांढरीवर नऊशें वर्षें लोक नांदले. आपल्याकडील किती गांवांस एवढी अखंड वस्ती सांगतां येईल?

या नऊशें वर्षांतील १३० हून अधिक घरांचे अवशेष सांपडले. ऐन भरभराटीच्या काळांत घरें चौकोनी, प्रशस्त, कुडाच्या बुटक्या भिंतींचीं व गवतानें शाकारलेलीं असत. जमीन चोपून सारवलेली, आंत चूल, आणि धान्याच्या कणग्या ठेवण्यासाठीं मातीचे गोल ओटे. जमिनींत खणलेलीं पेवेंहि होतीं. ज्यानें सोलापुराकडे जुन्या वाड्यांत ज्वारीचें पेव उघडतांना पाहिलें असेल, त्यास हें वर्णन परकें वाटणार नाहीं. मुख्य पीक जव. शिवाय गहूं, मसूर, लाख, वाल व हुलगा. बोरांच्या आठोळ्याहि मिळाल्या. गाईबैल, शेळ्यामेंढ्या व म्हशी पाळलेल्या होत्या. तांबें असे, परंतु तें दुर्मिळ. रोजचीं कापण्याचीं पातीं अद्याप अकीक जातीच्या दगडाचींच होतीं. म्हणजे शेतकऱ्याच्या घरांत शिकाऱ्याचें हत्यार तसेंच नांदत होतें.

येथें एक गोष्ट मौजेची आहे. सोलापूरकरांस ज्वारीची भाकरी म्हणजे अनादि वाटते. परंतु ज्वारीचें मूळ माहेर आफ्रिकेंत, सुदानच्या मुलखांत आहे, व ती समुद्रमार्गें आपल्याकडे आली. ताटांतल्या चटणींतील शेंगदाणा व मिरची तर पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अमेरिकेंतून आलेलीं. इनामगांवच्या शेतकऱ्यास मोडनिंबास आणून जेवावयास बसविलें, तर भाकरी व चटणी पाहून तो गोंधळेल. हुलग्याचें माडगें व बोरें मात्र तो ओळखील. 'पहिल्यापासूनचें' म्हणून आपण जें कवटाळतों, त्यांतलें पुष्कळसें काल-परवांचें असतें.

इनामगांवकरांनीं पाण्याचीहि सोय पाहिली होती. नदीच्या बाजूनें खणलेला, दोनशें मीटरांहून लांब असा एक कालवा व त्यास लागून दगडमातीचा बांध उघडकीस आला आहे. पुरापासून रक्षण व पाटाचें पाणी असा दुहेरी हेतु त्यामागें असावा, असें संशोधकांचें मत आहे. भीमेच्या खोऱ्यांत पाणी अडविण्याचा हा प्रयत्न उजनी धरणाच्या तीन हजार वर्षें आधींचा होय. आतां, कालवा हा एकट्याच्यानें खणला जात नाहीं. दहा घरांनीं खपावें, कोणीतरी त्यांस खपवावें, आणि पाणी कोणास किती याचा निवाडाहि कोणीतरी करावा, हें त्यांत ओघानेंच आलें. गांवांत पांच खोल्यांचें एक घर सांपडलें, व त्याच्या लगत एक मोठें कोठार होतें. हें गांवच्या मुख्याचें घर असावें, असें डॉ. ढवळीकरांचें अनुमान आहे. धान्य सांठूं लागलें, कीं त्याचा राखणदार येतो; आणि राखणदाराचें घर इतरांपेक्षां मोठें होऊं लागतें. मनुष्यसमाजांतील थोरला व धाकला हा भेद कणगीच्या सांवलींत कसा वाढला, हें येथें डोळ्यांनीं पाहतां येतें.

मृतांच्या बाबतींत तर हा भेद अधिकच ठळक होतो. इनामगांवीं दोनशेंहून अधिक दफनें मिळालीं, आणि त्यांत लहान मुलांचीं फार आहेत. मूल वारलें, कीं दोन रांजण तोंडास तोंड लावून आडवे ठेवीत, त्यांत तें चिमुकलें शरीर निजवीत, आणि राहत्या घराच्याच जमिनीखालीं पुरीत. ज्या सारवलेल्या जमिनीवर आई दळीत-कांडीत असेल, तिच्याच खालीं तिचें बाळ होतें. तीन हजार वर्षांचें अंतर असूनहि हें वाचतांना मन हेलावतें. प्रौढांस उत्तरेकडे डोकें करून खड्ड्यांत उताणें निजवीत. पण त्यांचीं पावलें घोट्यांपासून तोडलेलीं असत. मेलेल्यानें घर सोडून भटकूं नये, हा त्यामागील हेतु असावा, असा तर्क आहे. मात्र त्या पांच खोल्यांच्या घराच्या अंगणांत, कच्च्या मातीच्या चार पायांच्या, पोट सुटलेल्या मनुष्यासारख्या घडविलेल्या रांजणांत, एक सुमारें चाळिशीचा पुरुष बसविलेला सांपडला, आणि त्याचीं पावलें शाबूत होतीं. मरणोत्तरहि मोठ्यांस वेगळा न्याय लावण्याची रीत किती जुनी आहे, हें यावरून वाचकांनीं ताडावें.

भक्तीचीहि एक खूण येथें मिळाली. एका घराच्या जमिनीखालीं मातीची झांकण असलेली पेटी निघाली. तींत कच्च्या मातीची शिरविरहित स्त्रीमूर्ति, व पेटीवर तशीच आणखी एक मूर्ति आणि एक बैल होता. बैलाच्या पाठीस व मूर्तीस भोंकें अशीं होतीं, कीं काडी घालून देवीस बैलावर बसवितां यावें. ही मातृदेवता असावी असें संशोधक मानतात. जमीन पिकावी व घरांत मूल वांचावें, या दोन काळज्या शेतकऱ्याच्या देवघरांत तेव्हांपासून आहेत.

आतां ज्या भागासाठीं आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतों. इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी, प्रवरा व तापी यांच्या खोऱ्यांतील जोर्वे संस्कृतीचीं बहुतेक गांवें उठून गेलीं. भीमेच्या खोऱ्यांत मात्र लोक आणखी तीनशें वर्षें तग धरून राहिले, पण कसे? चौकोनी प्रशस्त घरें गेलीं व त्यांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या. मडक्यांवरील नक्षीची नजाकत उतरली. शेतीचा पसारा आटला. आणि कचऱ्यांत हरणांचीं व इतर रानटी जनावरांचीं हाडें वाढलीं. थोडक्यांत, जे शेतकरी होते ते पुनः निम्मे शिकारी व निम्मे गुराखी झाले. ज्या शिडीवरून मनुष्य केवळ वर चढतो असें आपण शिकलों, तिच्यावरून इनामगांवचे लोक खालीं उतरले. किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर, ती शिडी नव्हतीच. जगण्याच्या दोन-तीन वाटा त्यांस ठाऊक होत्या, आणि एक बंद होतांच त्यांनीं दुसरी धरली.

हें कशामुळें झालें? डॉ. ढवळीकर म्हणतात, पर्जन्यमान घटलें व कोरडें हवामान आलें. दुसरें मत अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांचें आहे. त्यांनीं इनामगांवच्या बालकांचीं हाडें तपासून २०११ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर काळांतील मुलांची वाढ खुंटलेली होती असें त्यांस आढळलें. पण दोष एकट्या पावसाचा मानावयास त्या तयार नाहींत. भोंवतालच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पडलेला भारहि त्यांच्या मतें तितकाच कारण होता. पाऊस कमी झाला कीं माती थकली, हा वाद पंडितांनीं सोडवावा. आम्हांस एवढेंच दिसतें, कीं कोठार, कालवा आणि मुखिया हीं तीनहि असतां त्या गांवचीं मुलें खुरटलीं, आणि शेवटीं इ. स. पू. ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें.

ज्या मुलखांत वर्षाकांठीं सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो व तोहि लहरीपणानें, तेथील लोकांनीं ही कथा दूरची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. १८७६-७८ चा दुष्काळ सोलापुरानें भोगला. १९७२ चा ज्यांनीं भोगला ते अद्याप आपल्यांत आहेत. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि काळ्या रानांत ऊस उभा राहिला. त्यानें घरें बांधलीं, मुलें शिकलीं. हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु थोड्या पाण्यावर येणारें जव-हुलग्याचें किंवा ज्वारीचें पीक आणि बारमाही पाणी मागणारें पीक यांत निवड करतांना घोडनदीच्या कांठचा तो बुजलेला कालवा एकवार डोळ्यांपुढें आणावा, एवढीच आमची विनंति आहे. आजहि दुष्काळी गांवांतील शेतकरी दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीस जातो व फडाच्या कडेला कोपी उभारून सहा महिने काढतो. चौकोनी घरांतून गोल झोपडींत जाण्याचा तो प्रवास आजहि संपलेला नाहीं.

आणि पारधी? त्यांच्या नशिबीं वेगळाच भोग आला. १८७१ च्या कायद्यानें इंग्रज सरकारनें भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला. पुढें सोलापुरास तारेच्या कुंपणांत अशा लोकांची वसाहत झाली. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला व हे लोक 'विमुक्त' ठरले. पण कुंपण निघालें तरी संशय निघाला नाहीं. ज्यांस कणगी नाहीं तो चोर, हा कणगीवाल्यांचा जुना समज आहे. तित्तिराच्या वाटा, ससाण्याची नजर, कोणत्या झुडुपाखालीं कोणता कंद, हें ज्ञान ज्यांनीं राखलें, ते मागें राहिलेले नव्हेत. उत्तर काळांत इनामगांवच्या शेतकऱ्यांस ज्या विद्येनें तीनशें वर्षें जगविलें, तीच ही विद्या. आज शिकारीस कायद्यानें बंदी आहे व ती योग्यच आहे. पण म्हणूनच त्या लोकांस जमीन, शाळा व मान देण्याचें ऋण समाजावर अधिक येतें.

असो. दुसऱ्या दिवशीं निघण्यापूर्वीं आम्ही हें सर्व यजमानांस आमच्या परीनें सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे गुरुजी, त्यांचा आन् आमचा आजा एकच म्हणायचा." आम्ही होय म्हटलें. गाडीची वेळ झाली होती. जातां जातां पाहिलें, तों यजमानांची सून पालांतल्या दोन पोरांच्या ओंजळींत बोरें घालीत होती. इनामगांवच्या मातींतून ज्याच्या आठोळ्या निघाल्या तेंच हें फळ, हें तिला ठाऊक नव्हतें. आणि त्यावांचून तिचें कांहीं अडलेंहि नव्हतें.